रिपोर्टभर ‘आर’च ‘आर’!

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचा कल्चर रिपोर्ट हातात आला की नातेवाईक गोंधळतात आणि कधीकधी नवखे डॉक्टरही. नमुन्यातला जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहतात, ते कल्चर. औषधापुढे ‘एस’ म्हणजे जंतू त्याला दाद देतो, ‘आर’ (रेझिस्टन्ट) म्हणजे देत नाही. अशाच रिपोर्टांवरून आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं. ‘मग कोणतं इंजेक्शन चालू करायला सांगू?’ असं विचारणाऱ्या पत्रांना इथे उत्तर मिळणार नाही. रुग्णाला न तपासता ते देता येत नाही. रिपोर्ट कसा वाचायचा, तो कुठे फसवतो आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, एवढं मात्र सांगता येईल.

प्रश्न : वडील पक्षाघातामुळे 24 दिवस रुग्णालयात आहेत. पहिल्या दिवसापासून लघवीची नळी आहे. लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चर केलं, त्यात ‘क्लेब्सिएला न्यूमोनिये, एक लाखाच्या वर’ असं आलं. 16 औषधांपैकी 13 पुढे ‘आर’ आहे. ताप नाही. तरीही डॉक्टर म्हणतात, औषध नको, नळी काढू. इतका चिवट जंतू सापडूनही उपचार का नाही?

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगताहेत. जंतू सापडला म्हणजे त्याने आजार केला, असं होत नाही. नळी घातल्यावर दर दिवसागणिक साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात आणि महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत ते दिसू लागतात. 24 व्या दिवशी कल्चर कोरं आलं असतं तरच नवल. जंतू नळीच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागावर बुळबुळीत थर करून राहतात. याला आम्ही ‘वस्ती’ म्हणतो. वस्तीने शरीराला त्रास द्यायला सुरुवात केली, की मग तो ‘संसर्ग’.

‘एक लाख’ म्हणजे एक मिलीलीटर लघवीत एक लाख जंतू. ही मर्यादा मुळात नळी नसलेल्या, स्वच्छता राखून मधल्या धारेची लघवी दिलेल्या रुग्णांसाठी ठरली. जुन्या नळीतल्या लघवीला तो आकडा लावून घाबरण्यात अर्थ नाही. गढूळपणा, उग्र वास, तपासणीत दिसलेल्या पस सेल्स (पुवाच्या पेशी) यांपैकी कशावरूनही नळी असलेल्या रुग्णात संसर्ग सिद्ध होत नाही. लक्ष ठेवायचं ते ताप, हुडहुडी, कंबरेच्या वरच्या भागात एका बाजूला दुखणं, ओटीपोटात कळा, रक्तदाब उतरणं आणि दुसरं कारण सापडत नसताना अचानक आलेली असंबद्धता यांवर.

आता समजा, ‘कशाला धोका घ्या’ म्हणून औषध दिलंच. चार-पाच दिवस लघवी स्वच्छ दिसेल. थरात दडलेले जंतू मात्र बऱ्याच अंशी वाचतील आणि नळी तिथेच असल्यामुळे लघवी पुन्हा भरेल, बहुधा अशा जंतूंनी ज्यांच्यावर हे औषधही चालत नाही. हाताशी असलेल्या तीन औषधांतलं एक असं विनाकारण जाईल आणि खरोखर ताप येईल त्या दिवशी दोनच उरतील. लक्षणं नसतानाही लघवीतल्या जंतूंवर उपचार करावा असे प्रसंग मोजके आहेत. गर्भारपण हा एक आणि मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला जखम होईल अशी शस्त्रक्रिया ठरलेली असणं हा दुसरा.

उद्या ताप आलाच, तर त्याच जुन्या नळीतून पुन्हा कल्चर करू देऊ नका. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल आणि अजून लागणारच असेल, तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यायचा असतो. जुन्या नळीतून मिळतो तो नळीवरच्या थराचा हिशेब. मूत्राशयात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. तोवर पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील पण जमिनीला टेकणार नाही, दोन-तृतीयांश भरली की रिकामी होईल आणि नळी व पिशवीचा जोड उगाच उघडला जाणार नाही, एवढं पाहा. रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न विचारा : ‘आज नळीची गरज आहे का?’

प्रश्न : रिपोर्टमध्ये औषधाच्या नावापुढे ‘एमआयसी’ म्हणून आकडे असतात. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान ते औषध सगळ्यांत प्रभावी, असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की काही प्रयोगशाळा हे आकडे छापायचंच टाळतात.

एमआयसी म्हणजे काचेत त्या जंतूची वाढ थांबवायला लागणारी औषधाची कमीत कमी मात्रा, मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये. प्रत्येक औषध रक्तात, लघवीत, ऊतींत वेगवेगळ्या प्रमाणात पोचतं, म्हणून प्रत्येकाची पास-नापासाची रेषा वेगळी असते. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचं उदाहरण घ्या. रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन 0.5, मेरोपेनेम 1 आणि नायट्रोफ्युरँटॉइन 32 असे आकडे आहेत. अमेरिकी सीएलएसआय मानकांनुसार सिप्रोफ्लॉक्सॅसिन 0.25 पर्यंतच ‘एस’ असतं, म्हणजे इथे ते ‘एस’मधून बाहेर पडलं. मेरोपेनेम 1 पर्यंत ‘एस’, म्हणजे पास. आणि 32 हा सगळ्यांत मोठा आकडा असूनही नायट्रोफ्युरँटॉइनही पास, कारण लघवीत ते त्याहून कितीतरी जास्त साचतं. लहान-मोठं बघून निवड केली असती तर नेमकं चुकीचं औषध हाती लागलं असतं.

शिवाय हे आकडे दुपटीच्या पायऱ्यांनी जातात : 0.25, 0.5, 1, 2, 4. एका पायरीचा फरक चाचणीच्या नेहमीच्या चुकीत बसतो. गेल्या आठवड्यात 1 होता, आता 2 झाला, म्हणून जंतू ‘बळावला’ असं समजू नका.

मधलं ‘आय’ अक्षर बरेच जण ‘अर्धवट नापास’ म्हणून सोडून देतात. युरोपीय युकास्ट मानकांत 2019 पासून त्याचा अर्थ स्पष्टच केलाय : मात्रा वाढवून किंवा औषध जिथे जास्त साचतं तिथे दिल्यास उपयोग होईल. तुमची प्रयोगशाळा कोणतं मानक वापरते ते रिपोर्टच्या तळाशी बहुधा लिहिलेलं असतं. तुलना करायची तर एकाच मानकाच्या दोन रिपोर्टांची करा.

यापुढची गोष्ट रिपोर्टवर छापलेली नसते : संसर्ग कुठे आहे. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे कितीही ठळक ‘एस’ असला तरी ते मूत्राशयापुरतं. मूत्रपिंडात किंवा रक्तात संसर्ग असेल तर ते निरुपयोगी, कारण तिथे पुरेशी पातळी होतच नाही. डॅप्टोमायसिन रक्तातल्या स्टॅफिलोकॉकसवर उत्तम, पण न्यूमोनियात ते देत नाहीत, कारण फुप्फुसातला स्निग्ध द्राव त्याला निष्प्रभ करतो. आणि ईएसबीएल हे पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन तोडणारं विकर (एन्झाइम) तयार करणाऱ्या जंतूचा रक्तसंसर्ग असेल तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ‘एस’ असूनही डॉक्टर मेरोपेनेम निवडतात. ‘एस असताना महागडं का?’ असा राग येण्याआधी हे विचारून घ्या.

प्रश्न : मी वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. ब्लड कल्चरला 3-4 मिली रक्त काढून एकच बाटली पाठवायची पद्धत आमच्याकडे आहे. निम्म्या वेळा ‘वाढ नाही’ किंवा ‘दूषित नमुना’ येतो. काय चुकतंय?

उत्तर : रक्त कमी पडतंय, हे पहिलं. प्रौढांच्या रक्तसंसर्गात बऱ्याचदा एका मिलीलीटर रक्तात एखाददुसराच जंतू असतो, काही वेळा तेवढाही नाही. तीन मिलीत तो निसटण्याची शक्यता मोठी. प्रौढ रुग्णात प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली, हवेत वाढणाऱ्या व बिनहवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी मिळून दोन बाटल्यांचा एक संच, आणि असे दोन संच दोन वेगळ्या जागांवरून. म्हणजे साधारण 40 मिली. (लहान मुलांत हे प्रमाण वजनावरून ठरतं, तिथे हा हिशेब लावू नका.)

दोन जागा का, तर दूषित नमुना ओळखण्यासाठी. त्वचेवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस चारपैकी एकाच बाटलीत वाढला तर तो बहुधा सुईबरोबर आलेला. दोन्ही जागांच्या बाटल्यांत तोच वाढला तर गंभीरपणे घ्यायचं. तुम्ही एकच बाटली पाठवता तेव्हा हा निवाडा करताच येत नाही आणि मग ‘असू दे सोबत’ म्हणून व्हँकोमायसिन चालू होतं. प्रतिरोध वाढवण्यात अशा ‘असू दे’चा वाटा मोठा आहे, असं आमचं मत.

कृती अशी. 70 टक्के अल्कोहोलमधल्या 2 टक्के क्लोरहेक्सिडिनने त्वचा 30 सेकंद घासायची आणि पूर्ण वाळू द्यायची. ओल्या त्वचेत सुई घातली की सगळं वाया. वाळल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. इथेच सर्वांत जास्त नमुने बिघडतात. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण उडवल्यावर खालचं रबर निर्जंतुक असतं असं समजू नका, तेही अल्कोहोलने पुसून वाळू द्या. बटरफ्लाय सुईने थेट बाटलीत घेत असाल तर आधी हवेची बाटली, कारण नळीतली हवा तिच्यात जाते. सिरिंजने काढत असाल तर आधी बिनहवेची. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत.

सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) रक्त काढायचं ते लाइनचाच संशय असेल तेव्हा, आणि तेव्हाही हाताच्या शिरेतून त्याच वेळी, तेवढंच रक्त घेऊन. लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा अधिक आधी पॉझिटिव्ह झाली तर दोष लाइनमध्ये. बाटल्यांवर जागा आणि वेळ लिहिली नसेल तर ही सगळी मेहनत फुकट.

हे सारं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. पण रुग्ण सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेला) असेल आणि शीर सापडत नसेल तर कल्चरसाठी औषध अडवू नका. तिथे पहिला डोस तासाभरात जायला हवा.

बाकी नमुन्यांबद्दल थोडक्यात. लघवी पिशवीतून कधीच नाही. नळीच्या नमुना-तोंडाखाली 10-15 मिनिटं चिमटा लावून, तोंड अल्कोहोलने पुसून सिरिंजने घ्या आणि दोन तासांत पोचवा, नाहीतर 4 अंशांवर ठेवा. खोलीच्या तापमानात ई. कोलाय साधारण अर्ध्या-एक तासात दुप्पट होऊ शकतो, मग दुपारचे दहा हजार संध्याकाळी सहज लाख होतात. जखमेवरचा पू कापसाने टिपून पाठवू नका. सलाइनने जखम धुऊन खालचा ऊतीचा तुकडा किंवा सुईने ओढलेला स्राव पाठवा. थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली, लहान भिंगाच्या एका क्षेत्रात, 25 हून जास्त पस सेल्स आणि 10 हून कमी तोंडातल्या पेशी दिसल्या तरच तो कफ. नाहीतर ती लाळ, आणि लाळेच्या कल्चरवर उपचार करणं धोक्याचं.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत कोलिस्टिनची (औषधात भिजवलेली कागदी) चकती लावून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे औषध चालतं की नाही ते, देतात. प्रशिक्षणात मात्र चकती चालत नाही असं शिकवलं. कोण बरोबर?

उत्तर : शिकवणारे. इतर औषधांना चकतीची पद्धत छान चालते : जंतू वाढवायचं 4 मिलीमीटर जाडीचं म्युलर-हिंटन अगार, जंतूंचं ठरावीक (0.5 मॅकफरलंड) गढूळपणाचं द्रावण, 35 अंशांवर 16 ते 18 तास, आणि चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजायचं. कोलिस्टिनचा रेणू मोठा आणि धनभारित असतो. तो अगारमध्ये नीट पसरतच नाही. वर्तुळ लहानच पडतं, आणि दाद देणाऱ्या व न देणाऱ्या जंतूंच्या वर्तुळांत जेमतेम मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा फरक उरतो. परिणामी रेझिस्टन्ट जंतू ‘एस’ म्हणून बाहेर पडतो, आणि तेही शेवटच्या फळीतल्या औषधाबाबत. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रव माध्यमात औषधाच्या वाढत्या मात्रा घेऊन एमआयसी काढणं) करा, कोलिस्टिन सल्फेट वापरून. रुग्णाला टोचतात ते मेथेनसल्फोनेट चाचणीला चालत नाही, कारण ते शरीरात गेल्यावर हळूहळू सक्रिय होतं.

आणखी एक. सीएलएसआयने 2020 पासून कोलिस्टिनला ‘एस’ हा वर्गच ठेवलेला नाही : 2 पर्यंत ‘आय’, 4 पासून ‘आर’. मूत्रपिंडावरचे दुष्परिणाम आणि बेभरवशाची रक्तातली पातळी पाहता ते योग्यच आहे. प्रोटियस आणि सेराशिया तर जन्मजातच कोलिस्टिनला दाद देत नाहीत. त्यांच्यापुढे ‘एस’ छापून आला तर आधी जंतूची ओळख तपासा.

प्रश्न : आईने गेल्या कित्येक वर्षांत एकही अँटिबायोटिक घेतलेलं नव्हतं. मग तिचं शरीर रेझिस्टन्ट कसं झालं?

उत्तर : शरीर रेझिस्टन्ट होत नाही, जंतू होतो. आणि तो जंतू आईच्या अंगात घडलेला असायलाच हवा असं नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला महिनाभर सेफ्ट्रियाक्सोन चालू असेल, त्याच्या आतड्यातले साधे जंतू मेले असतील आणि ईएसबीएलवाले उरून वाढले असतील, तर ते न धुतलेल्या हातावरून, रक्तदाबाच्या पट्ट्यावरून, खाटेच्या कठड्यावरून इकडे येतात. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो. स्युडोमोनासला बेसिनचा ओलावा पुरतो.

त्यांची हत्यारं तीन-चार प्रकारची. काही जंतू औषधाचा रेणूच तोडतात. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन व कार्बापेनेम या सगळ्यांच्या गाभ्यात चार कोनांचं एक कडं असतं, ते फोडणारी विकरं म्हणजे बीटा-लॅक्टमेज. काही जंतू आत येण्याची दारं बंद करतात, काही आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) तर औषध जिथे चिकटायचं ते कुलूपच बदलतो. मेथिसिलिन 1959 मध्ये वापरात आलं आणि असा जंतू 1961 मध्ये नोंदवला गेला, यावरून वेग लक्षात यावा.

यातली बरीच जनुकं प्लास्मिड नावाच्या सुट्या वर्तुळांवर असतात आणि ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी दुसऱ्या जातीकडेही, जातात. कोलिस्टिनविरुद्धचं असं फिरतं जनुक 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच प्लास्मिडवर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. त्यामुळे त्यातलं कोणतंही एक औषध दिलं की बाकीच्यांचाही प्रतिरोध आयता जोपासला जातो. रिपोर्टभर ‘आर’ एकदम दिसतात ते यामुळे.

प्रश्न : तीन दिवस मेरोपेनेमने ताप उतरला आणि लगेच डॉक्टरांनी ‘हलकं’ औषध दिलं. बरं वाटत असताना भारी औषध का काढलं?

उत्तर : कारण रिपोर्ट आला. पहिल्या रात्री जंतू माहीत नसतो, म्हणून जाळं मोठं टाकतात. नमुना पोचल्यापासून एक दिवस वाढीला आणि पुढचा दिवस सेन्सिटिव्हिटीला, असे साधारण 48 ते 72 तास लागतात. मग ज्या औषधाने तोच जंतू मरतो आणि आतड्यातले बाकीचे कमी मरतात, ते द्यायचं. ‘हलकं’ हा शब्द इथे फसवा आहे. साध्या, दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर सेफाझोलिन हे व्हँकोमायसिनपेक्षा सरस आहे.

प्रश्न : कोर्स पूर्ण केला नाही तर जंतू रेझिस्टन्ट होतात असं आम्ही ऐकत आलो. आता सातच दिवस दिलं आणि बंद केलं. हे कसं?

उत्तर : सातच दिवसांचा कोर्स असेल तर तो पूर्णच झाला! जुने 10-14 दिवसांचे कोर्स बऱ्याच अंशी सवयीने ठरलेले होते. आता मूत्रपिंडाच्या संसर्गाला बहुतेकदा 7 दिवस, गुंतागुंत नसलेल्या न्यूमोनियाला 5, आणि क्लेब्सिएलासारख्या जंतूच्या रक्तसंसर्गाला, मूळ काढून टाकलेलं असेल तर, 7 दिवस पुरतात. औषध जितके जास्त दिवस, तितकी आतड्यातल्या जंतूंची निवड जास्त. प्रतिरोधाला खतपाणी तिथे मिळतं.

याचा अर्थ ताप गेला की स्वतःच गोळ्या थांबवाव्या असा नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तात सापडला तर रुग्ण हिंडता-फिरता झाला तरी किमान 14 दिवस, आणि हृदयाच्या झडपेवर बसला असेल तर आठवडेच्या आठवडे औषध लागतं. याउलट, शस्त्रक्रियेआधीचं प्रतिबंधक इंजेक्शन एकच डोस पुरतं, चीर देण्याआधीच्या तासाभरात. शस्त्रक्रिया चार तासांवर लांबली तर सेफाझोलिनचा दुसरा. टाके निघेपर्यंत गोळ्या चालू ठेवण्याने जखमेचा संसर्ग कमी होत नाही. पू साठलेला असेल तर तो बाहेर काढल्याशिवाय दिवस मोजण्यालाच अर्थ नाही.

प्रश्न : सासऱ्यांना ‘ईएसबीएल’ म्हणून घरी सोडलंय. घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. भांडी, कपडे, खोली वेगळी ठेवायची का?

उत्तर : नाही. हे जंतू आतड्यात मुक्काम करतात, कधी काही महिने, कधी वर्षभरही. निरोगी माणसाच्या आतड्यात ते गेले तरी बहुधा काही होत नाही. नेहमीच्या साबणाने धुतलेली भांडी आणि नेहमीसारखे धुतलेले कपडे सगळ्यांना चालतात. बाळाला घेण्याआधी, शौचानंतर आणि डायपर किंवा लघवीची पिशवी हाताळल्यावर साबणाने हात धुणं, यावरच सगळं आहे. ‘जंतू गेला का’ हे बघायला लक्षणं नसताना पुन्हा कल्चर करू नका. पहिल्या प्रश्नातल्या चक्रात अडकाल.

तो रिपोर्ट मात्र जपून ठेवा. पुढे कधी ताप येऊन दाखल करावं लागलं तर दारातच तो दाखवा. पहिल्या रात्रीचं औषध निवडताना मागच्या काही महिन्यांत कोणता जंतू सापडला होता याइतकी उपयोगी माहिती दुसरी नसते.

प्रश्न : भेटायला जाताना सॅनिटायझर पुरतो की साबणच हवा?

उत्तर : हात मळलेले दिसत नसतील तर अल्कोहोल रब चांगलाच. तळहाताचा खळगा भरेल इतका घ्या आणि 20-30 सेकंद, वाळेपर्यंत चोळा. बोटांची टोकं, अंगठे, बेचक्या सोडून दिल्या, असं नको. नेमक्या त्याच जागा आधी घ्या. रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइड्स (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिल या जंतूमुळे जुलाब असतील तर मात्र रब उपयोगाचा नाही. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. हातमोजे घाला आणि निघताना साबण-पाण्याने धुऊन ते वाहून जाऊ द्या.